मैदानाकडे पाठ

सराव सुरू झाला की मॅडम मैदानाकडे पाठ करून उभ्या राहत. समोर आमच्या महिला महाविद्यालयाच्या सायकल स्टँडची भिंत असे. त्या भिंतीवरच्या शेवाळाच्या ओघळांकडे पाहत, हात पाठीमागे बांधून, त्या अगदी स्वस्थ उभ्या असत. पाठीमागे मुली धावत, आपटत, एकमेकींच्या नावाने ओरडत असत. मध्येच, मान न वळवता, मॅडमचा आवाज उठे.

"तेजू, बॉल अंगठ्यानं मारलास. कितींदा सांगायचं?"

आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला तेजू आपल्या बुटाच्या टोकाकडे अपराध्यासारखी पाहत असे, कारण तिने खरोखरच अंगठ्याने मारलेला असे.

हा प्रकार मी प्रथम पाहिला तेव्हा मॅडम मुलींवर रुसल्या आहेत, अशी माझी समजूत झाली. मी तेव्हा तिथे अर्थशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. कोकणातून आलेली, मुळातच बुजरी, आणि खेळाच्या बाबतीत ठार अडाणी. शारीरिक शिक्षण विभागाच्या या प्रमुख बाईंशी काय बोलावे, हे मला कळत नसे. तरी एकदा धीर करून विचारले, "मॅडम, तुम्ही बघत का नाही?"

"बघितलं की पोरी दिसत्यात," मॅडम म्हणाल्या. "ऐकलं की खेळ कळतो."

मला वाटले, त्या माझी थट्टा करीत आहेत. त्या कुणाची थट्टा करीत नसत, हे समजायला मला पुष्कळ काळ लागला. त्या जे बोलत ते शब्दशः तसेच असे. ऐकणाऱ्याला ते थट्टेचे वाटले तर तो दोष ऐकणाऱ्याचा.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. इथे तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेपेठेला तालीम असते, तालमीला फुटबॉलचा संघ असतो, आणि हंगामात त्या संघांचे सामने गावातल्या स्टेडियमवर सुरू झाले की दुकानदार गल्ल्यावर दुसऱ्याला बसवून निघून जातात. दोन पेठांमधली चुरस तर पिढ्यान् पिढ्यांची आहे. त्यांची नावे मी घेत नाही. कोल्हापूरकर ती ओळखतील, आणि इतरांना ती कळून काही उपयोग नाही. सोयीसाठी मी त्यांना वरची पेठ आणि खालची पेठ म्हणेन.

मॅडम खालच्या पेठेतल्या. वडील तालमीकडून खेळलेले, भाऊ खेळलेले. घर स्टेडियमपासून इतके जवळ की सामन्याच्या दिवशी गॅलरीतली आरोळी थेट स्वयंपाकघरात यायची. भावांचे चिखलाने माखलेले मोजे धुणे हे मॅडमकडे असे. सामन्याला जाणे मात्र नसे. मुलींनी त्या गर्दीत जायचे नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. मोजे वाळत घालायला गच्चीवर जायचे निमित्त करून त्या तिथे सामना ऐकत. बॉल खांबाला लागला की गॅलरी कशी कण्हते, गोल हुकला की कशी फुटते, आपल्या पेठेचा गोल आणि दुसऱ्या पेठेचा गोल यांच्या आरोळीत काय फरक असतो, हे सारे त्यांना कळू लागले. सामना संपून भाऊ घरी येत तेव्हा मॅडम त्यांना सामन्याची हकीकत सांगत.

पुढे काळ बदलला. बायका स्टेडियममध्ये जाऊ लागल्या. मॅडम नोकरीला लागल्या, स्वतःची दुचाकी घेतली, त्यांना कोण अडवणार होते? पण त्या गेल्या नाहीत. कारण विचारले तर एकच वाक्य ऐकायला मिळे.

"बघायला मी जाणार न्हाय. खेळायला जाणार."

त्यांचे वय तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले. स्वतः खेळणे शक्य नव्हते. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ एवढाच उरत होता की आपल्या मुली त्या स्टेडियमवर, त्या भरलेल्या गॅलरीसमोर उतरतील, त्या दिवशीच त्या स्वतः आत पाऊल टाकतील. महाविद्यालयातल्या सगळ्यांना हे माहीत होते. बहुतेकांना तो विक्षिप्तपणा वाटे. आमचे प्राचार्य तर म्हणत, "मॅडम, आयुष्यात कधीच आत जाणार नाही असं सरळ म्हणा की." मॅडम म्हणत, "तसं न्हाय म्हणालो मी."

'म्हणालो' असेच त्या म्हणत. इथल्या बायका-मुली सर्रास 'मी जातो', 'मी येतो' असे बोलतात. माझ्या कोकणी कानांना ते सुरुवातीला चमत्कारिक वाटे. मॅडमच्या तोंडी मात्र ते इतके शोभे की त्यांनी 'म्हणाले' असे म्हटले असते तर मीच दचकले असते.

मी या संघाच्या गोतावळ्यात कशी ओढली गेले, तेही सांगते. एका दुपारी मॅडम आमच्या विभागात आल्या आणि माझ्या टेबलावर एक लाल झेंडा ठेवून म्हणाल्या, "पोरी सांगत्यात, वर्गात तुमचा आवाज तिसऱ्या बाकाच्या फुडं जात न्हाय."

मी ओशाळून मान खाली घातली.

"मग हा धरा. ह्याला आवाज लागत न्हाय."

अशा रीतीने सरावाच्या सामन्यांत मी रेषेवर झेंडा घेऊन उभी राहू लागले. ऑफसाईड म्हणजे काय, ते मी पुस्तकातून वाचून गेले होते आणि वाचून अधिकच गोंधळले होते. मॅडमनी ते गिरणीवर आणून सोपे केले. "समजा, तुमचा दळणाचा डबा अजून रांगेत मागं हाय, आणि तुम्ही एकट्याच जाऊन गिरणीच्या तोंडाशी उभ्या. चालंल? न्हाय चालणार. रांगेतल्या बायका बोंब मारतील. त्यांनी बोंब मारायच्या आधी झेंडा वर करायचा." तेव्हापासून आजतागायत मला ऑफसाईड समजावून घेण्यासाठी पुस्तक लागलेले नाही.

त्या काळी आमचा संघ म्हणजे एक केविलवाणा प्रकार होता. मैदानात एन.सी.सी.चे संचलन आणि प्राचार्यांची मोटार यांच्यातून उरलेली जागा आमची. सरावाआधी मुली ओळीने खडे वेचत. बूट भावांचे, आत कापूस कोंबलेले. उचगावहून, गडमुडशिंगीहून येणाऱ्या मुली सकाळच्या पहिल्या बसने येत आणि सराव संपवून ओल्या केसांनी तासाला बसत. हाफ पँट घालण्यावरून प्राध्यापकांच्या बैठकीत चर्चा झाली. एका ज्येष्ठांनी "मुलींनी थोडा पोक्त पोशाख…" अशी सुरुवात केली. मॅडम उठून म्हणाल्या, "सर, खेळताना बॉल बघायचा असतोय. तुम्ही काय बघालाय?" त्या विषयाची नोंद इतिवृत्तात झाली नाही.

पण संघाची खरी अडचण बुटांची नव्हती आणि पोशाखाचीही नव्हती. ती काय होती, ते आमच्या पहिल्या आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात उघड झाले.

आमच्याकडे दोन उत्तम फॉरवर्ड होत्या. वैष्णवी वरच्या पेठेची: उंच, लांब टांगा टाकणारी, थोडी गर्विष्ठ. तेजू खालच्या पेठेची: बुटकी, चपळ, तोंडाळ. गोलात त्रिशला, गडमुडशिंगीच्या जैन शेतकरी घरातली, बोलायला शांत आणि बॉलवर झडप घालायला वाघीण. सामना बरोबरीत होता. शेवटच्या क्षणांत वैष्णवी बॉल घेऊन एकटीच सुटली. समोर गोलकीपर पुढे सरसावलेली, आणि उजवीकडे तेजू, मोकळ्या गोलापुढे दोन्ही हात वर करून, "दे! दे की गं!" म्हणून ओरडत असलेली. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही दिसत होते की बॉल द्यायचा आहे. वैष्णवीने तो दिला नाही. स्वतः मारला, सरळ गोलकीपरच्या पोटात. तिथून बॉल उलटला आणि आमच्यावर गोल झाला.

परतीच्या टेम्पोत दोघी दोन टोकांना बसल्या. शेवटी तेजूच म्हणाली, "मॅडम, हिला दिसत न्हाय का ही आंधळी हाय, ईचारा की."

"दिसत होतं," वैष्णवी म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खालच्या पेठेला पास दिला म्हणून भावाला कळलं असतं, तर घरात जेवायला घातलं नसतं मला."

मला वाटले, आता मॅडमचा भडका उडणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "व्हय? मग उद्यापासनं तू त्यांच्याच पेठेचं जेव."

आणि ते वाक्यही शब्दशः तसेच होते. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: जी जिला बॉल देत नाही, तिने तिचा डबा खायचा. वैष्णवीने तेजूचा, तेजूने वैष्णवीचा. पहिल्या दिवशी दोघींनी डबे उघडले नाहीत. मॅडम दोघींच्या मध्ये बसून आपली भाकरी सावकाश संपवीत होत्या. दुसऱ्या दिवशी सरावात मॅडमनी त्यांना इतके पळवले की वैष्णवीने मुकाट्याने तेजूचा डबा उघडला आणि वांग्याची भाजी बोटांनी पुसून घेतली. तेजूनेही वैष्णवीच्या डब्यातले खाल्ले आणि वर शेरा मारला, "मीठ कमी हाय."

हा शेरा त्याच संध्याकाळी वरच्या पेठेत पोचला. कसा पोचला, हे विचारण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात शेरे पोचतात. दुसऱ्या दिवशी वैष्णवीची आई स्वतः मैदानावर आली. हातात चार पुडांचा पितळी डबा. डोक्यावरचा पदर सावरत तिने मुलींच्या घोळक्याकडे पाहिले.

"ती तेजू कोण गं?"

तेजू, जिला कधी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती, ती हळूच पुढे झाली.

"बस. खा माझ्यासमोर. मीठ बघ."

त्यात मटणाचे लोणचे होते, दही होते, तव्यावरून थेट आलेल्या भाकऱ्या होत्या. तेजूने खाल्ले. वैष्णवीची आई तिच्यासमोर मांडी घालून बसली होती, न्यायाधीशासारखी. शेवटी तेजू म्हणाली, "काकू, आणखी हाय का?" आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते मी विसरलेले नाही.

अर्थात तेजूच्या आईला हे कळल्यावर तिने स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. दोन पेठांमध्ये डब्यांची एक स्पर्धाच सुरू झाली. आपल्या घरचा डबा पलीकडच्या पेठेत नावाजला गेला पाहिजे, या ईर्ष्येने दोन्ही घरांत पहाटेपासून चुली पेटत. बाकीच्या मुली भोवती बसून आपला वाटा मिळवीत. त्रिशला तेवढी जरा बाजूला बसून आपला घरचा कोरडा डबा खाई. तिला बोलावले तर म्हणे, "तुमचं चालू दे. मटणात मला घेऊ नका, आणि भांडणातबी." दोघी मुली मात्र खाता खाता एकमेकींशी बोलू लागल्या, आधी भाजीविषयी, मग घराविषयी, आणि मग, एके दिवशी, सायकल स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मॅडमच्या चेहऱ्यावर मी हसू पाहिले. मागे बॉलचा ठक असा एक आवाज झाला होता आणि त्याला जोडूनच दुसरा.

"दिला बघा," मॅडम मला म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही जिंकू लागलो. हे वाक्य मी फार साधे लिहिले आहे. आंतरमहाविद्यालयीन चषक आला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. आमच्या मुली विद्यापीठाच्या संघात गेल्या. विद्यापीठाचा संघ विभागीय स्पर्धा जिंकून आला तेव्हा त्यात निम्म्या मुली आमच्या होत्या. चषक प्रथम प्राचार्यांच्या कपाटात मावले, मग ग्रंथालयात, मग अर्थशास्त्र विभागात माझ्या टेबलावर. तपासायचे पेपर मी दोन चषकांच्या मधल्या फटीत ठेवू लागले. पोशाखाविषयी बोलणारे ते ज्येष्ठ प्राध्यापक पाहुण्यांना आवर्जून विभागात आणून म्हणत, "हे आमचं फुटबॉल."

मॅडम मात्र चषकांकडे ढुंकून पाहत नसत. प्रत्येक हंगामापूर्वी त्या शहरातल्या तालमींच्या स्पर्धेच्या संयोजकांकडे जात. सगळे त्यांना अण्णा म्हणत. भला माणूस, पण फुटबॉल म्हणजे पुरुषांचा, याविषयी त्यांच्या मनात शंकाच नव्हती. एकदा मॅडम मलाही बरोबर घेऊन गेल्या.

"मॅडम, बायकांची मॅच ठिवली तर पब्लिक काय करंल?" अण्णांनी विचारले.

"बघंल."

"आणि न्हाय बघितलं तर?"

"त्यांच्या डोळ्यांचा तोटा."

दरवर्षी उत्तर तेच मिळे: बघू की. पण मुली विभागीय विजेत्या होऊन आल्या, त्यांची मिरवणूक निघाली, आणि त्या मिरवणुकीत दोन्ही पेठांतले लोक आपापल्या मुलीला खांद्यावर घेऊन नाचले, तेव्हा अण्णा नरमले. तालमींच्या अंतिम सामन्याआधी अर्ध्या तासाचा प्रदर्शनीय सामना ठेवू, असा त्यांचा निरोप आला.

मॅडम उलट पावली त्यांच्याकडे गेल्या. "प्रदर्शन जत्रंत असतंय. पूर्ण मॅच पायजे. पंच खरा, कप खरा."

अण्णांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "बरं. दुपारी एकला. पण एक सांगतो मॅडम, एकदाच. पब्लिकनं हुर्यो उडवली, न्हाईतर गॅलरी सोडून बाहेर जाऊन चहा प्यायली, तर परत हा विषय माझ्यासमोर आणायचा न्हाय."

"न्हाय आणणार," मॅडम म्हणाल्या. दुचाकीवर बसून त्यांनी किल्ली उलटी लावली. तेवढ्यावरून मला कळले की त्या घाबरल्या होत्या.

त्या दिवशी ऊन रणरणत होते. मॅडम स्टेडियमच्या दारापाशी आल्या. अकरा मुली पुढे गेल्या, राखीव मुली गेल्या, मी गेले, आणि सर्वांत शेवटी मॅडम आत आल्या. त्यांनी काही विशेष केले नाही. वाकून मातीही कपाळाला लावली नाही. फक्त एकदा वर गॅलरीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "लहान हाय की. ऐकायला मोठी वाटत होती."

योग असा की त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्यात वरची आणि खालची पेठच समोरासमोर होत्या. त्यामुळे एका बाजूच्या गॅलरीत वरची पेठ, दुसऱ्या बाजूला खालची, मध्ये पोलीस. आमच्याविरुद्ध मिरजेकडचा एक चांगला संघ होता. पण त्याच्याकडे कुणाचे लक्षच नव्हते. लोकांनी दोन पेठा पाहिल्या आणि मैदानावर त्या दोन पेठांच्या मुली पाहिल्या.

"ए वैष्णवी, घरात पिठलं करपालंय!" अशी सुरुवात झाली. हशा झाला. मग वैष्णवीच्या पायात बॉल आला आणि वरच्या पेठेच्या गॅलरीतून ओरडा आला, "खालच्याला दिऊ नगंस!" पलीकडून उत्तर आले, "तेजे, घे हिसकावून!" आणि जे आम्ही डब्याडब्यांनी घडवले होते ते डोळ्यांदेखत विस्कटू लागले. वैष्णवी एकटीच पळू लागली. तेजू चिडून मागे राहू लागली. मॅडम सवयीप्रमाणे मैदानाकडे पाठ करून उभ्या होत्या, म्हणजे गॅलरीकडे तोंड करून. लोकांना आयतीच करमणूक मिळाली. "ओ मॅडम, मॅच तिकडं हाय!"

मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बॉल ऐकू येईना झालाय."

आणि त्या वळल्या. मी त्यांच्याबरोबर काढलेल्या एवढ्या वर्षांत त्या खेळाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या मी प्रथमच पाहत होते. त्यांनी जे पाहिले ते असे: वैष्णवीच्या पायातून बॉल गेला, मिरजेकडच्या मुलींनी तीन पासांत तो आमच्या गोलापर्यंत नेला, आणि त्रिशलाने पूर्ण अंग झोकूनही तो तिच्या बोटांना घासून आत गेला. गॅलरीतले लोक उठून चहाकडे निघू लागले. खुर्चीवरून अण्णांनी आमच्याकडे पाहिले आणि मान हलवली.

मध्यंतरात वैष्णवी रडत होती. "मॅडम, अख्खी गल्ली बसलीया वर. काका, भाऊ, सगळी. कसा दिऊ?"

तेजूने पाण्याची बाटली आधी वैष्णवीला दिली.

"तुम्हाला काय सांगायचं न्हाय मला," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही रोज खेळताय तसंच खेळा. ज्यास्नी सांगायचंय त्यास्नी सांगून येतो मी." आणि माझे मनगट पकडून त्या वरच्या पेठेच्या गॅलरीच्या पायऱ्या चढू लागल्या.

खालच्या पेठेची लेक वरच्या पेठेच्या गॅलरीत शिरते आहे, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एका मिशाळ गृहस्थांनी हात आडवा केला. "मॅडम, तुमची बाजू पलीकडं हाय."

"म्हाईत हाय. सरका."

ते सरकले. आम्ही बसलो. उत्तरार्ध सुरू झाला. मॅडमनी त्या गृहस्थांना विचारले, "पावणं, गोल पायजे का नको?"

"पायजे की."

"मग ओरडू नका, दिऊ नगंस म्हणून."

"गोल पायजे, पण त्यांच्या पोरीनं मारलेला नको!" ते म्हणाले, आणि आजूबाजूचे सगळे खदखदून हसले. मॅडम मैदानाकडे पाहू लागल्या.

त्याच वेळी आमच्या मागच्या ओळीतून एक आवाज आला.

"काय मगापासनं खालची पेठ, खालची पेठ लावलाय वो?"

वैष्णवीची आई उभी होती. पदर खोचलेला, आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत जाणारा. "ती पोरगी माझ्या हातचं जेवलीया. दोन वरसं जेवलीया! तिला काय परकं म्हणतासा?" मग तोंडापुढे दोन्ही हात धरून तिने मैदानाकडे हाक फोडली, "वैष्णवे, दे तिला!"

गॅलरी हसली. कुणा टवाळाने नक्कल केली, "वैष्णवे, दे तिला!" दुसऱ्याने केली. दहा जणांनी केली. गंमत म्हणून सुरू झालेली ती आरोळी वाढत वाढत सगळ्या बाजूची झाली आणि तिच्यातली गंमत कधी गळून पडली ते कुणालाच कळले नाही. "वैष्णवे, दे तिला! वैष्णवे, दे तिला!"

खाली वैष्णवीने बॉल अडवला, मान वर केली, आणि आपल्या अख्ख्या पेठेला तिने क्षणभर पाहिले. मग दिला. लांब, जमिनीसरसा, तेजूच्या पुढ्यात. तेजूने धावता धावताच तो गोलात घातला.

पलीकडची गॅलरी फुटली. आमच्या बाजूला मात्र लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"कुणी मारला?" मागून कुणीतरी विचारले.

"त्यांच्या पोरीनं."

"आणि पास?"

"आपल्या."

"मग अर्धा आपलाच की रं!" मिशाळ गृहस्थ ओरडले, आणि आमची गॅलरीही फुटली. चहाला गेलेले लोक ग्लास हातात घेऊन पळत परत आले.

आता दोन्ही बाजूंना चेव चढला. पलीकडून आरोळी सुरू झाली, "तेजे, दे तिला!" त्रिशलाने एक निश्चित गोल एका हाताने बाहेर काढला तेव्हा दोन्ही पेठांनी एकदमच टाळ्या वाजवल्या, पोलिसांनीही. पापणी न लववता मॅडम पाहत होत्या, आणि माझे मनगट त्यांनी इतके घट्ट धरले होते की माझ्या बांगडीचा वण उमटला. शेवटी शेवटी तेजू कोपऱ्यातून आत घुसली. गोल तिच्या समोर होता. ती मारू शकली असती. तिने बॉल मागे ओढला आणि आडवा सोडला, आणि तिथे लांब टांगा टाकत वैष्णवी येऊन पोचली होती. जाळे हलले. मी उभी राहून ओरडत होते. काय ओरडत होते, ते मला आठवत नाही. पण मिशाळ गृहस्थ कानावर हात ठेवून माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, हे आठवते.

शेवटची शिट्टी झाली तशी दोन्ही पेठांनी फटाके लावले. कोणत्या मुलीला कुणी उचलले, हे त्या धुरात दिसेना. खालच्या पेठेच्या पोरांच्या खांद्यावर वैष्णवी होती, एवढे मात्र मी नक्की पाहिले.

आम्ही खाली आलो तेव्हा अण्णा हार घेऊन उभे होते. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते ते लपवीतही नव्हते. "मॅडम, मानलं तुमाला," ते म्हणाले.

मॅडमनी हार हातात घेतला, तो शेजारी उभ्या असलेल्या त्रिशलाच्या गळ्यात घातला आणि विचारले, "पुढच्या वर्षी वेळ कितीची?"

"बघू की, मॅडम."

"बघू न्हाय. आत्ता सांगा. एकच्या उनात पोरी भाजल्यात. चार पायजे."

"अहो, चारला तालमींची असती!"

"मग त्यांची एकला घ्या. बाप्प्यांना उनाची सवय असती."

अण्णा हसत सुटले. हसता हसता त्यांनी दोन्ही गॅलऱ्यांकडे पाहिले, जिथे लोक अजून आमच्या मुलींची नावे घेत होते, आणि त्यांचे हसणे हळूहळू थांबले. "साडेतीन. तालमींची मागं सरकवू," ते म्हणाले.

"चालंल," मॅडम म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

"अहो, निघाला कुठं?" अण्णा आपली मानाची खुर्ची पुढे सरकवीत म्हणाले. "बसा की. आता फायनल हाय."

मॅडमनी मागे वळून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर निखळ आश्चर्य होते.

"फायनल? ती झाली की मगाशीच."

आणि धुळीने आणि गुलालाने माखलेल्या मुलींना पुढे घालून त्या बाहेर पडल्या. दारातून तालमींच्या सामन्यासाठी माणसांचा लोंढा आत येत होता. त्याने बाजूला होऊन आम्हाला वाट दिली.